लेणी आणि लेजर

लोणावळ्याला मी आजवर चाळीस वेळा गेलो आहे. आकडा नक्की आहे, कारण बँकेत नोकरी करणारा माणूस आकडा अंदाजाने सांगत नाही. त्यांतल्या चौतीस खेपा पाहुण्यांना चिक्की हवी होती म्हणून, चार पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पैसे खर्च करून ओलं होण्यासाठी, एक मेहुणीच्या लग्नात वऱ्हाडी म्हणून आणि एक पुण्याहून घरी परतताना लोकलमध्ये डोळा लागला आणि तळेगाव मागे पडलं म्हणून. बेरीज जमते. लेणी बघण्याच्या खात्यावर मात्र शिल्लक शून्य.

तशी सहावीत असताना शाळेची सहल कार्ल्याला गेली होती. पण त्या सहलीतलं एवढंच आठवतं, की माझा गुळपोळीचा डबा एका वानराने नेला आणि गुरुजींनी 'इतिहासाकडे लक्ष दे' म्हणून मलाच दम भरला. तेव्हापासून प्राचीन शिल्पकलेविषयी माझ्या मनात एक अढीच होती.

पुढे प्रवास पुष्कळ केले. प्रवासात मूर्ती आणि मंदिरं पाहण्याची आमच्या घराण्याची एक पद्धत आहे. बसमधून उतरायचं, 'केवढं भव्य आहे नाही!' असं एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी 'हो ना!' म्हणायचं, खांबाला टेकून फोटो काढायचा आणि चहा कुठे मिळतो ते बघायचं. वेरूळचं कैलास लेणं आम्ही या पद्धतीने सतरा मिनिटांत उरकलं आहे. घरी फोटोंचा ढीग आहे. सगळ्यांत मी आहे आणि माझ्या मागे काहीतरी आहे.

ही पद्धत मोडली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. तळेगावात त्यांचं लाकूडकामाचं दुकान होतं. दारं, खिडक्या, देव्हारे, पाळणे. मी एकुलता एक. रंधा धरायला शिकावं अशी त्यांची फार इच्छा होती आणि मी दोनदा बोट कापून घेऊन ती पुरी होणार नाही याची तजवीज केली. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो. पुढे प्लायवूड आणि तयार फर्निचर आलं तशी अण्णांनी हत्यारं एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. त्या विषयावर आमच्यात बोलणं होत नाही. घरात खिळा ठोकायचा असला तर मी बाहेरून माणूस बोलावतो आणि तो ठोकत असताना अण्णा दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या हिने एकवीरा आईची ओटी भरायचं ठरवलं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हटलं, 'अण्णा, तीनशेवर पायऱ्या आहेत. तुम्ही घरी बसा.' ते म्हणाले, 'तू बस घरी. तुझं पोट बघ.' निघालो. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. तिथून रिक्षाने वेहेरगाव. विहारावरून वेहेर झालं म्हणतात. गावाने नाव झिजवलं पण सोडलं नाही. मधल्या टप्प्यावर चहाची टपरी होती. तिथे मीच प्रथम बसलो.

वर पोचलं की आधी देवीचं देऊळ आणि त्याच्या मागे, अगदी लागून, लेण्याचं तोंड. कोळी, आगरी, सीकेपी मंडळींची ही कुलदेवी. त्यामुळे गर्दी देवळात, आणि लेण्याचं तिकीट काढायला तीन माणसं. पुढच्या अंगाला डाव्या हाताशी सिंहस्तंभ आहे, वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले. गोतीचा मुलगा महारठी अग्निमित्रणक याने तो दिला, असं त्यावर कोरलेलं आहे. जोडीचा दुसरा खांब देवळाच्या जागी असावा असं जाणकार मानतात.

ओटी भरून झाली. ही देवळातून बाहेर येऊन पडवीत शिरली आणि दाराच्या दोन्ही अंगांच्या दगडी जोडप्यांसमोर उभी राहिली. पुरुषभर उंचीची, भरदार, प्रसन्न माणसं. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. मी जरा इकडेतिकडे बघू लागलो. ही म्हणाली, 'कानातलं बघा. किती तोळ्यांचं असेल?' पडवीच्या बाजूच्या भिंतींत हत्ती कोरलेले आहेत, जणू सबंध इमला त्यांनीच पाठीवर घेतला आहे. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दागिन्यांवरून ती बांगड्यांवर, बांगड्यांवरून केशरचनेवर गेली आणि मला प्रथमच कळलं की आपली बायको शिल्प बघते आहे, आणि आपण एवढी वर्षं फक्त आपला फोटो बघत होतो.

आत गेलो. माहितीफलक वाचायची मला सवय आहे (बँकेत आम्हीच लावलेले फलक कुणी वाचत नाही, त्याची भरपाई). हे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळपास तेवढंच उंच. या जातीच्या लेण्यांत देशातलं सर्वांत मोठं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं काम. दोन्ही बाजूंना खांबांची रांग. खाली घट, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि हत्तींवर पुन्हा जोडपी. टोकाला स्तूप. हे सगळं बांधलेलं नाही, कोरून काढलेलं आहे. म्हणजे वरून खाली दगड काढत आणायचा आणि खांब तेवढे शिल्लक ठेवायचे. सबंध इमारत म्हणजे वजाबाकी! चूक झाली तर खोडरबर नाही, 'दुरुस्त केले' म्हणून बाजूला सही नाही. आम्ही एक शून्य जास्त पडलं तर दोन फॉर्म भरतो.

मी हे हिला सांगत होतो तेवढ्यात लक्षात आलं, की अण्णा बरोबर नाहीत. ते मध्यभागी मान वर करून उभे होते. तोंड उघडं. मला वाटलं चक्कर आली. धावत गेलो. अण्णा म्हणाले, 'अरे, हे लाकूड आहे.'

म्हटलं, 'अण्णा, दगड आहे. लेणं आहे हे.'

'मला शिकवतो? ते वर वासे आहेत ना कमानीसारखे, ते लाकडाचे आहेत. साग आहे.'

मी फलकाकडे गेलो. अण्णा बरोबर होते. छताला कमानदार लाकडी वासे आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडाची, आणि हे मूळचं लाकूड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. आमच्या शाखेतलं काउंटर २०१५ साली केलं, त्याला वाळवी लागून दोन वर्षं झाली.

यानंतरचा पाऊण तास माझ्या वडिलांनी मला लेणं दाखवलं. त्यांनी प्रश्न असा काढला : वर अखंड डोंगर आहे, छत दगडाचं आहे, ते कुठे पडत नाही. मग या वाशांवर वजन कसलं? कसलंच नाही. मग घातले कशाला? उत्तर त्यांचंच : 'ज्यांनी हे केलं त्यांचे बाप-आजे लाकडाची घरं बांधत असणार. वासे नसलेलं छप्पर त्यांच्या डोळ्यांना बघवलंच नसेल.' मला हे लगेच पटलं. आमच्या बँकेत सगळा कारभार संगणकावर गेल्याला वर्षं लोटली. तरी आमचे हेडकॅशियर रोजची शिल्लक एका लाल रजिस्टरात हाताने लिहितात. त्या रजिस्टरावर वजन कसलंच नाही. पण ते नसलं तर त्यांना रात्री झोप लागायची नाही.

दुपारी भाज्याला गेलो तेव्हा तर अण्णांचा अंदाज पक्काच झाला. मळवली स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला, लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी हे लेणं आहे आणि कार्ल्याहून दोन-अडीचशे वर्षांनी वडील, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. इथले खांब साधे, आठपैलू, आणि गंमत म्हणजे सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. मला वाटलं, कारागिराचा ओळंबा चुकला. अण्णा मोठ्यांदा हसले. आजूबाजूच्या पोरांनी सेल्फी थांबवून बघितलं. 'लाकडी मांडवाचे खांब आत कलवावेच लागतात. छपराचा रेटा बाहेर असतो, नाहीतर फाकतील. इथे रेटा नाही, पण कलवले. सवय!' समोरची भिंत लाकडाची होती, ती गेली. ती अडकवायच्या खाचा तेवढ्या दगडात राहिल्या. अण्णांनी त्या खाचांत बोट घालून बघितलं आणि 'कुसू इथे बसायचं' असं स्वतःशीच म्हटलं, जणू काल कुणी घाईत काम अर्धवट टाकून गेलं आहे. दरम्यान पलीकडच्या लेण्यात नाचणारी बाई आणि दोन छोटे ढोल वाजवणारी बाई हिने शोधून काढली होती, आणि तबल्याचा शोध कुणी लावला यावर तिचा एका अनोळखी कुटुंबाशी वाद सुरू झाला होता.

कार्ल्यापर्यंत येता येता खांब सरळ झाले. म्हणजे जुनी सवय सुटायला दोन-अडीचशे वर्षं लागली. आमच्या मुख्य कार्यालयाच्या मानाने हा वेग चांगलाच आहे.

पण मी मूळचा कारकून. खांबांचा कल अण्णांना, बांगड्या हिला. माझी नजर खिळली ती कोरलेल्या अक्षरांवर. ब्राह्मी मला येत नाही. तरी ओळ कशी मांडली आहे हे बघूनच कळलं की ही नोंद आहे. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणली आणि तीन रात्री जागलो. कार्ल्याच्या भिंतींवर आणि खांबांवर कोरलंय काय? तर पावत्या!

हा खांब धेनुकाकटाच्या अमक्या यवनाने दिला. हा तमक्या यवनाने. यवन म्हणजे समुद्रापलीकडून आलेले ग्रीक वगैरे लोक. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून बोरघाट चढून वर पैठण-तेरकडे जायचा व्यापारी रस्ता इथूनच जाई. त्यांतले काही इथे रमले, नावंही इकडची घेतली. सोपाऱ्याच्या सातिमिताने एक खांब दिला. महादेवणकाची आई भायिला हिने दान दिलं. सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दाराचा खर्च उचलला. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, शेठ भूतपाल : हे शैलगृह आपण पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असं तो लिहून मोकळा झाला. खांब एकेकाने दिले, दार अत्तरवाल्याचं, आणि 'संपूर्ण इमारत आमच्या सौजन्याने'! प्रत्येक गणेशमंडळात एक भूतपाल असतो. पण हा भूतपाल खरं बोलत होता, हेही कबूल केलं पाहिजे.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून देण्याची पद्धत आहे. माझ्या लग्नातल्या एका पातेल्यावर 'चि. सौ. कां. हिस, मामा-मामींकडून' असं आहे आणि त्या मामा-मामींशी आमचं पंधरा वर्षं बोलणं नाही. तरी आमटी त्यांच्याच पातेल्यात होते. खांबांवरची ही नावं मला तशी वाटली. भायिलाबाईंचा मुलगा महादेवणक काय करत होता, देव जाणे. पण आईने दान देताना आपल्या नावाआधी त्याचं नाव घातलं आणि दोघंही टिकली.

आणि मग एक ओळ सापडली, ती मी अण्णांसाठी वेगळ्या कागदावर उतरून घेतली. दाराचं काम केलं धेनुकाकटाच्या सामीने, वेणुवासाच्या मुलाने. धंदा : वड्ढकी. वड्ढकी म्हणजे सुतार. एवढ्या मोठ्या दगडी लेण्याच्या दारावर काम करणाऱ्याचं नाव आहे, आणि तो सुतार आहे!

अण्णांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला. खिशात ठेवला. बोलले काही नाहीत.

माझी खरी मेजवानी पुढे होती. त्या काळी इकडे क्षहरात क्षत्रपांचं राज्य होतं आणि नहपान राजाचा जावई उषवदात हा मोठा दानशूर होता. त्याने कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिलं. कार्ल्याचं तेव्हाचं नाव वलुरक. अट एकच : जो कोणी पावसाळाभर इथल्या लेण्यांत वर्षावास करील त्याचा चरितार्थ त्यावर चालावा, पंथ कुठलाही असो. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हुसकावलं, नहपानाची चांदीची नाणी गोळा करून त्यांच्यावर आपले ठसे मारले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा ढीग निघाला. तेरा हजारांवर नाणी आणि त्यांतली नऊ हजारांवर पुन्हा ठसा मारलेली. कॅशियरचे हात कसे भरून आले असतील याची मला कल्पना येते. सरकार बदललं, नोटा बदलल्या, पण भिक्षूंचं गाव? मामालाच्या अंमलदाराला सातवाहनांचा हुकूम आला, की करजक गाव वलुरकाच्या भिक्षूंकडेच राहील. मामाल म्हणजे आपलं मावळ. दोन हजार वर्षांपूर्वीचं मावळ तालुका कचेरीला आलेलं हे पत्र डोंगरावर कोरलेलं आहे. हल्लीसारखं गहाळ होण्याची सोय नाही.

याच उषवदाताने नाशिकच्या लेण्यात एक लेख कोरवला आहे. तो वाचून मी रात्री दीड वाजता उठून बसलो. त्याने ४२ व्या वर्षी तीन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. मुद्दल कधीही परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. याला अक्षयनीवी म्हणत. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि रीतीप्रमाणे दप्तरात नोंदवलं.

आता हिशेब करू. दोन हजारांवर दरमहा एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा टक्के. व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. टॅली!

मी हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, 'बारा टक्के? कुठल्या पतपेढीत?' आणि कूस बदलून झोपली. पण मला त्या कोण्या अज्ञात कारकुनाला मिठी मारावीशी वाटली. शिल्पकाराचे हत्ती जगाने वाखाणले. पण हे वीसाबारे दोनशे चाळीस आधी बसवून मग दोन हजार ही रक्कम कुणीतरी काढली असेल की नाही? उषवदात स्वतः मांडी घालून गुणाकार करत बसला होता असं मला वाटत नाही. सासरा राजा असलेला माणूस गुणाकार करत नाही.

पंधरा दिवसांनी मी एकटाच बेडशाला जाऊन आलो. कामशेतहून पवनेच्या बाजूला. तिथे माणसं जवळजवळ नव्हतीच. दर्शनी दगड फोडून न काढता तसाच ठेवला आहे. एका अरुंद बोळातून आत शिरायचं आणि एकदम समोर ते उंच खांब, माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. मी प्रथमच कुठेतरी फोटो काढायचा विसरलो. इथेही पावती आहेच : नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्यणक. आतल्या खांबांवर पूर्वी रंगकाम होतं. ते का दिसत नाही याचं जे कारण सांगतात ते वाचून मात्र मान खाली गेली. १८६१ च्या सुमारास कुणी बडे साहेब बघायला येणार म्हणून गावपातळीवरच्या अंमलदारांनी लेणं स्वच्छ दिसावं या हेतूने आतून सफेदी करून घेतली. रंग गेले ते गेलेच. मला त्या माणसांचा राग यायला हवा होता. पण इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आमच्या शाखेत आम्ही काय काय झाकतो, काय काय पुसतो, ते मला ठाऊक आहे. आत्तासुद्धा खांबांवर कोळशाने कुणा राजूने कुणा पिंकीचं नाव लिहून ठेवलं होतं. राजूने खांब दिलेला नाही, दारही केलेलं नाही. पावतीशिवाय नोंद. मी रुमाल ओला करून पुसायला गेलो आणि मग सफेदीवाले आठवून हात मागे घेतला, खालच्या पहारेकऱ्याला सांगितलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा पडवीत बसले होते. मी बेडशाचं सांगितलं. नाशिकचा हिशेबही सांगितला, वीसाबारे दोनशे चाळीससकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, 'आणि त्या सामीला मजुरी किती मिळाली?'

म्हटलं, 'ते लिहिलेलं नाही, अण्णा. दान कुणी दिलं तेवढं आहे.'

'हं,' अण्णा म्हणाले. 'पण बापाचं नाव घातलं त्याने.'

थोड्या वेळाने ते म्हणाले, माळ्यावरचं पोतं जरा खाली काढ, हत्यारांना तेल लावायचं आहे. मी शिडी लावून चढलो. पोतं माझ्या अंदाजाहून बरंच जड निघालं, आणि पोटाचं म्हणाल तर अण्णा म्हणतात ते बरोबर आहे. ते खाली उतरवताना दोन वेळा थांबावं लागलं.